वटवाघूळ ऐकण्याची परवानगी

अहवाल पोचल्याची शिक्का मारलेली प्रत २१ जून २०२४ ला हातात आली आणि माझ्या फाइलमधला शेवटचा कागद लागला. सुरुवात केली होती जुलै २०२३ मध्ये. एवढ्या अकरा महिन्यांत जंगलात घालवलेल्या रात्री जेमतेम सोळा. उरलेला वेळ कागद, वाट पाहणं आणि संगणकासमोर कानाला हेडफोन लावून रातकिडे ऐकणं. अभयारण्यातल्या वटवाघळांचे आवाज टिपायचं हे काम हाती घेताना, अर्ज कुठे करायचा इथपासून मला काही माहीत नव्हतं. तुमच्यापैकी कुणी अशा वाटेला जाणार असेल तर थोडं कमी चाचपडावं लागेल, म्हणून लिहितेय.

मी बेळगावात एका पदवी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. वटवाघळांची तज्ज्ञ वगैरे नाही. एका तासाची तयारी करताना भारतातल्या वटवाघळांच्या प्रसाराचे नकाशे चाळत होते. बहुतेक जातींचा पट्टा अर्धा देश व्यापून. एका नकाशावर मात्र अख्ख्या पश्चिम भारतात एकच ठिपका, आणि तो आमच्या खानापूर तालुक्यात, तळेवाडीपाशी! माझं आजोळ जांबोटीकडचं. लहानपणी मे महिन्यात ज्या डोंगरांकडे बघत काजू भाजले, त्यांच्या पलीकडे जगात दुर्मीळ म्हणून गणलेलं वटवाघूळ राहतं, हे मला बेचाळिसाव्या वर्षी कळलं.

जात म्हणजे ओटोमॉप्स रॉटनी, रॉटनचं मुक्तशेपटी वटवाघूळ. नाव वन खात्यातल्या रॉटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यावरून पडलं. ऑल्डफील्ड थॉमस यांनी १९१३ मध्ये तिचं वर्णन केलं ते याच भागातल्या नमुन्यांवरून. त्यानंतर कित्येक दशकं तिचं ठाऊक असलेलं ठिकाण एकच, कृष्णापूर-तळेवाडी भागातली बारापेडेची गुहा, आता भीमगड अभयारण्यात येते ती. मग २००० च्या सुमारास कंबोडियात एक नर सापडला, पाठोपाठ मेघालयात सिजू गुहेच्या परिसरात ती दिसली, पुढे मेघालयातच आणखी काही गुहांत. म्हणजे एक ठिपका आमच्याकडे, पुढचा थेट २००० किलोमीटरवर. मधल्या प्रदेशात ती खरोखरच नाही की तिथं कुणी कान लावलाच नाही? आययूसीएनच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत ती आधी 'अतिसंकटग्रस्त' होती, आता 'माहिती अपुरी' या रकान्यात आहे. हा रकाना वाचून मला जरा चेवच आला.

मोठा प्रश्न माझ्या आवाक्यातला नव्हता. मी छोटा घेतला. गुहा ठाऊक आहे, पण रात्री ती तिथून निघून जातात कुठं? मुक्तशेपटी वटवाघळांचे पंख लांब आणि अरुंद असतात, त्यामुळे ती झाडांच्या गर्दीत गिरक्या घेत नाहीत. उंचावर, मोकळ्या हवेत, वेगानं उडत किडे पकडतात. मग गुहेभोवतीचं घनदाट रान हे त्यांचं घर की नुसतं घराचं अंगण? गुहेत पाऊलही न ठेवता, लांब वेगवेगळ्या जागी रेकॉर्डर लावून त्यांचे आवाज मिळतात का, एवढंच बघायचं ठरवलं.

इथं पहिली सूचना, आणि सगळ्यात उपयोगाची. ऑगस्टमध्ये एका अनुभवी संशोधकांना फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पकडणार आहात का?" मी म्हटलं, अजून ठरवलं नाही. "मग नाही असंच ठरवा." कारण असं की वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत प्राणी पकडणंही येतं. जाळी लावून वटवाघूळ दोन मिनिटं हातात धरायचं, मोजमाप घेऊन सोडायचं, तरी कलम १२ ची परवानगी लागते. त्यात ही जात पहिल्या अनुसूचीतली, वाघाच्या पंगतीतली. नुसतं अभयारण्यात जाऊन अभ्यास करायचा तर कलम २८ खालचा अर्ज पुरतो, तोही मुख्य वन्यजीव रक्षकांकडेच जातो, पण त्यात प्रश्न कमी असतात. जाळी नाही, तर रेबीजच्या आगाऊ इंजेक्शनांचा प्रश्नही उरत नाही. मी 'फक्त ध्वनिमुद्रण' हे शब्द अर्जाच्या पहिल्याच वाक्यात घातले.

(गंमत अशी की २०२२ च्या दुरुस्तीआधी याच कायद्यात फळं खाणारी वटवाघळं पाचव्या अनुसूचीत होती, कावळे आणि उंदरांबरोबर, उपद्रवी म्हणून. त्यातलं सालिम अलींच्या नावाचं वटवाघूळ तेवढं पहिल्या अनुसूचीत होतं. एका कायद्यात एकाच गणाला एवढा उच्चनीच भाव बहुधा दुसऱ्या कुणाला मिळाला नसेल.)

४ सप्टेंबर २०२३, सोमवारी अर्ज पाठवला. ई-मेलनं आणि कागदावर, दोन्ही. बरोबर संशोधनाचा आराखडा, कॉलेजचं ना हरकत पत्र, नकाशा, आधारच्या प्रती, आणि शंभराच्या ई-स्टॅम्पवर हमीपत्र की कुठल्याही प्राण्याला हात लावणार नाही आणि अहवाल देईन. आवरणपत्र कन्नडमधून लिहून घेतलं. मला कन्नड बोलता येतं ते बाजारापुरतं. सहकारी मॅडमनी मजकूर घालून दिला आणि वर म्हणाल्या, "रॉटन असं नुसतं लिहू नका, वाचणाऱ्याला कुजलेलं वटवाघूळ वाटेल." हसण्यावारी नेलं. पुढं पोचपावतीवर खरंच कुणीतरी इंग्रजीत तसंच लिहिलेलं निघालं. शास्त्रीय नाव प्रत्येक ठिकाणी लिहा.

मग गणपती आले. बेळगावचे गणपती म्हणजे अकरा दिवस गावाला दुसरं काही सुचत नाही, मलाही नाही. ११ ऑक्टोबरला उत्तर आलं, अर्ज त्रुटींसह परत. खरं सांगते, त्या रात्री जेवण गेलं नाही. सकाळी शांतपणे वाचलं तर तिन्ही चुका माझ्याच होत्या. नकाशा म्हणून मी मोबाइलवरच्या उपग्रहचित्राचा फोटो जोडला होता. त्यांना केएमएल फाइल हवी होती, म्हणजे प्रत्येक रेकॉर्डरची जागा त्यांच्या नकाशावर टाकून पाहता येते. चमूच्या यादीत 'एक स्थानिक मदतनीस' असं मोघम लिहिलं होतं; नाव आणि ओळखपत्र हवं. आणि एक रेकॉर्डर मी 'गुहेच्या तोंडाशी' लावणार म्हटलं होतं. वर आराखड्यात गुहेपासून लांब राहू म्हणायचं आणि खाली हे! कुणीही परत पाठवलं असतं.

तोंडाजवळचा रेकॉर्डर काढून टाकला. त्याचं वाईट वाटलं, कारण तिथं आवाज हमखास मिळाला असता. पण गुहेच्या दारात माणसांची ये-जा वाढली तर वसाहत विचलित होऊ शकते, आणि एवढ्या मोजक्या वसाहती ठाऊक असताना असा धोका कुणी घेऊ नये. मी तो अर्जात लिहिलाच कसा, याचं आता नवल वाटतं.

२७ ऑक्टोबरला दुरुस्त अर्ज गेला. दिवाळी झाली. डिसेंबरमध्ये बेळगावात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं, त्या दोन आठवड्यांत मी कुणालाच फोन केला नाही. त्या काळात इथल्या सरकारी माणसाला वटवाघळाबद्दल विचारणं म्हणजे लग्नघरी नळदुरुस्तीचं बोलणं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात चौकशी केली तेव्हा कळलं की ना हरकत पत्रावर तारीखच नाही. मूळ प्रत हवी. पोस्टावर भरवसा टाकण्याऐवजी राणी चन्नम्मा एक्स्प्रेस पकडली, रात्रीची स्लीपर, आणि सकाळी मल्लेश्वरमच्या अरण्य भवनात नेऊन दिली. काम वीस मिनिटांत झालं. बाहेर येऊन इडली खाल्ली आणि दिवसभर बंगळुरात काय करावं ते सुचेना, म्हणून स्टेशनवरच वाचत बसले.

१८ जानेवारी २०२४ च्या तारखेची परवानगी चार दिवसांनी मेलवर आली. दीड पान. मुदत ३१ मार्चपर्यंत. अटी वाचून आधी धडकी भरली, मग पटल्या: अभयारण्यात सूर्यास्तानंतर पायी फिरायचं नाही, रेकॉर्डर लावायला-काढायला दिवसाउजेडी, वनरक्षकाबरोबरच जायचं, गुहेच्या एक किलोमीटरच्या आत काही लावायचं नाही, मिळालेल्या माहितीची प्रत खात्याला द्यायची. सूर्यास्तानंतरची अट नसती तरी मी पाळली असती. त्या रानात गवे आहेत आणि अस्वलंही, आणि खानापूर तालुक्यात अस्वलानं फाडल्याच्या बातम्या दर वर्षाआड वाचतोच आपण.

दरम्यान यंत्रं जमवली होती. ऑडिओमॉथ नावाचा पत्त्यांच्या जोडाएवढा रेकॉर्डर मिळतो, तीन पेन्सिल सेलवर चालतो आणि माणसाला ऐकू न येणारे आवाजही टिपतो. दोन मैत्रिणीकडून उसने आणले, दोन विकत घेतले. बाहेरून मागवावे लागतात. पेटी, टपाल आणि सीमाशुल्क धरून दोघांचे २३,४०० रुपये झाले. जमलं तर उसनेच घ्या. बऱ्याच संशोधकांच्या कपाटात ते हंगामाबाहेर पडून असतात, विचारायला लाजू नका.

५ फेब्रुवारीला निघालो. अमावास्या ९ ला होती, काळोख्या रात्री मुद्दाम धरल्या होत्या. अभयारण्याचं क्षेत्र १९०.४२ चौरस किलोमीटर, २०११ मध्ये जाहीर झालेलं. पण आत शिरल्यावर आकड्यांचं काही वाटत नाही, रस्ता किती वाईट आहे एवढंच वाटतं. जीपवाला दिवसाचे २,८०० घेत होता आणि प्रत्येक ओढ्यापाशी पुटपुटत होता.

चार जागा निवडल्या होत्या. गावाशेजारची भाताची मोकळी खाचरं. डोंगरावरचा जांभ्याचा सडा, जिथं झाडं संपतात आणि आभाळ सुरू होतं. म्हादईच्या पात्रातला एक कोंड, तिथं उन्हाळ्यातही पाणी राहतं. आणि चौथी अभयारण्याबाहेर, जांबोटीकडे आमच्या मामेभावाच्या काजूच्या बागेत. या चौथ्या जागेला फक्त मालकाची संमती पुरली. तुमची परवानगी अडली असेल तर अभयारण्याबाहेरच्या खाजगी जमिनीपासून सुरुवात करा. निदान यंत्राशी हात बसतो.

वाटाडे म्हणून बरोबर होते ते साठीचे गृहस्थ, सगळे त्यांना मामा म्हणतात म्हणून मीही म्हटलं. त्यांना मी चित्र दाखवलं. मोठाले कान, कपाळावर जोडलेले आणि नाकाच्या पुढं आलेले; पाठ गर्द तपकिरी, मखमलीसारखी; मानेमागं करडट पांढरा पट्टा, कॉलर असावी तसा; आणि पायांमधल्या पडद्याच्या बाहेर मोकळी सुटलेली शेपटी. त्यांनी बराच वेळ पाहिलं. "पाकोळीच ही. पण हिचे कान बघा की, सशाचे लावल्यागत." मग वनरक्षकाला चित्र दाखवून कन्नडमध्ये म्हणाले, ही ती बावली (म्हणजे वटवाघूळ), हिच्यासाठी बाई बंगळूरला जाऊन आल्या.

रेकॉर्डर झाडाला बांधणं दिसतं तितकं सोपं नाही. सड्याच्या कडेला एकच वठलेला ऐन होता. मामांनी सुतळीनं चार वेढे दिले, मग मायक्रोफोनचं भोक आभाळाकडे येईल असा तो तिरका केला, मागं काटकी खुपसली. पेटीत तांदूळ भरलेली कापडी पुरचुंडी टाकली होती, दव ओढून घ्यायला. दुकानातली सिलिका जेल मिळाली तर ती जास्त चांगली. वर परवानगीचा क्रमांक आणि माझा फोन लिहिलेली चिठ्ठी. ही चिठ्ठी कन्नड आणि मराठी, दोन्हींत लिहा. जंगलात अनोळखी डबा लुकलुकताना दिसला की लोक घाबरतात, आणि त्यांचं चूक नाही. लुकलुकणारा दिवा सेटिंगमधून बंदही करता येतो, तो करा.

पहिली आखणी अशी होती: सायंकाळी सहा ते सकाळी सहा, दर पाच मिनिटांतलं एक मिनिट रेकॉर्डिंग, १९२ किलोहर्ट्झनं, म्हणजे सेकंदाला आवाजाचे १,९२,००० नमुने घेत. एका मिनिटाची फाइल २३ एमबी, रात्रीची १४४ मिनिटं, म्हणजे ३.३ जीबी. ३२ जीबीचं कार्ड नऊ रात्री पुरतं. कागदावर अगदी नेटकं.

८ फेब्रुवारीची संध्याकाळ मला पाठ आहे. मुक्काम गावातच होता, मामांच्या पडवीत. गाव अभयारण्याबाहेर हलवायचं, पुनर्वसनाचं बोलणं घरोघरी चाललेलं, त्यामुळे वन खात्याच्या गाडीतून उतरलेल्या बाईकडे पहिले दोन दिवस कुणी मोकळं बोलत नव्हतं. तिसऱ्या दिवशी चहा आला. चौथ्या दिवशी आम्ही अंगणात बसलो होतो, शेणानं सारवलेल्या जमिनीवर, अंधारून आलेलं. मामांची नऊ वर्षांची नात शेंगा सोलत होती. मधेच हात थांबवून वर बघायला लागली.

"वर कोण टिक टिक करूलालंय?"

मी कान दिला. काही नाही. मामांनी मान हलवली, त्यांनाही नाही. "आता हिकडं गेलं," तिनं बोट धरलं, सड्याच्या दिशेनं. "परत आलं. टिक. टिक. टिक." सावकाश, घड्याळासारखं.

माझ्या काळजाचा ठोका चुकला. बहुतेक वटवाघळांचा आवाज २० किलोहर्ट्झच्या पुष्कळ वर असतो, कुणालाच ऐकू येत नाही. ही जात मात्र त्या मानानं खर्जात बोलते, १५ किलोहर्ट्झच्या आसपास. एवढ्या उंच पट्टीतला आवाज लहान मुलांना ऐकू येतो, आणि वय वाढतं तशी आपल्या कानांची ती पट्टी आधी झिजते. चाळिशी ओलांडलेली मी आणि साठीचे मामा, दोघंही तिथं ठार बहिरे. घड्याळात पाहिलं: सात वाजून दोन मिनिटं. खाचरातला रेकॉर्डर तिथून हाकेच्या अंतरावर. म्हटलं, उद्या फाइल उघडायची!

दुसऱ्या दिवशी कार्ड काढलं. सात वाजताची फाइल होती, सात-पाचची होती. सात-दोनला यंत्र झोपलेलं होतं. मीच झोपवलेलं.

त्याच दिवशी आखणी बदलली. सव्वासहा ते साडेआठ अखंड रेकॉर्डिंग, मग बंद. कार्डावर जागा साधारण तेवढीच लागते, ३.१ जीबी, पण वटवाघळं बाहेर पडण्याची वेळ पूर्ण हाती येते. तुमचा प्राणी वेगानं उडणारा आणि मोजका असेल तर 'पाच मिनिटांतलं एक' या हिशोबाला भुलू नका.

फेब्रुवारीच्या फेरीत कोंडाजवळचा रेकॉर्डर वानरांनी ओढून पाण्याकाठी टाकला, तीन रात्री गेल्या. बाकी ठीक. मार्चची फेरी ४ तारखेपासून, १० ची अमावास्या धरून. महाशिवरात्रीला गावात गाणी चालली होती, त्या रात्रीच्या फाइलींत ढोलकी आहे. मुदतवाढ मागण्याचा विचार होता, पण निवडणुकीची चाहूल लागली होती. १३ मार्चला सगळे रेकॉर्डर उतरवले आणि १६ ला आचारसंहिता लागली. बरोबर येणारे वनरक्षक पुढं निवडणुकीच्या कामाला गेले असते, तर माझी यंत्रं झाडावरच राहिली असती.

दोन फेऱ्या मिळून ६१ रेकॉर्डर-रात्री. एप्रिलच्या उकाड्यात पंख्याखाली बसून त्या चाळल्या. रेव्हन लाइट हे मोफत सॉफ्टवेअर आवाजाचं चित्र काढून देतं: आडवा वेळ, उभी कंपनसंख्या. साध्या छोट्या वटवाघळांचे आवाज त्यात वरून खाली कोसळणाऱ्या रेघा दिसतात, जणू कुणी नखानं ओरबाडलंय. मुक्तशेपटीचा आवाज जवळजवळ आडवी, छोटी रेघ. मग बरीच रिकामी जागा. मग तशीच रेघ. आवाज दहापट संथ करून ऐकला की पक्षी शीळ घालतोय असं वाटतं.

अडचण एकच, पण भारी. रातकिडे आणि नाकतोडेही १० ते २० किलोहर्ट्झच्या पट्टीतच किरकिरतात. वर ४०-५० च्या पट्टीत बोलणाऱ्या जातींना मोकळं मैदान, आणि मला हवी असलेली नेमकी या गोंगाटात. चित्रात तिथं नुसता काळा पट्टा दिसायचा. खाचरातल्या फाइली त्यामुळे जवळपास फुकट गेल्या. सड्यावर झाडं नाहीत, किडे कमी, वारा पडला की चित्र स्वच्छ. आवाजावरून प्रसार शोधणारं कुणी म्हणालं की 'अमुक अधिवासात जास्त नोंदी', तर तिथं प्राणी जास्त होता की किडे कमी, हे आधी विचारा. मी स्वतःला हे मे महिन्यात विचारलं, जागा निवडायच्या आधी विचारायला हवं होतं.

खालच्या पट्टीतल्या अकरा ओळी, म्हणजे एकामागून एक आलेल्या तशा रेघांच्या मालिका, सापडल्या. किड्यांचा आणि पडद्यावरच्या भासांचा संशय जिथं होता त्या काढल्यावर उरल्या चार. तीन सड्यावरच्या, एक कोंडावरची. काजूच्या बागेत शून्य. खाचरात शून्य, जिथं त्या पोरीनं ऐकलं होतं.

चारही ओळी त्या संशोधकांना पाठवल्या. इजिप्शियन मुक्तशेपटी ही दुसरी जातही खालच्या पट्टीतच बोलते, त्यामुळे घाईनं बोलणं बरं नव्हे. नऊ दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं: दोन बहुधा त्याच, दोन सांगता येणार नाहीत. त्या 'बहुधा'वर मी दोन दिवस नाराज होते. मग अहवालात तोच शब्द ठेवला. नकाशावर भरलेले ठिपके न काढता दोन पोकळ वर्तुळं काढली, आणि जिथं काही मिळालं नाही तिथं फुली न मारता किती रात्री ऐकलं ते आकड्यात लिहिलं. रिकामी जागा आणि न ऐकलेली जागा यांत फरक दिसायला हवा होता. अहवालाच्या जाहीर प्रतीतून नेमके अक्षांश-रेखांश वगळायला खात्यानं सांगितलं, तेही योग्यच वाटलं. खात्याच्या प्रतीत ते आहेत.

खर्च विचारणारे हमखास असतात, म्हणून: रेकॉर्डर २३,४००, कार्ड आणि सेल ४,१००, जीपच्या सहा खेपा १६,८००, मामांचे नऊ दिवस ६,३००, रेल्वे-झेरॉक्स-स्टॅम्प २,९००, राहणं-जेवण ४,५००. एकूण ५८,०००. सगळे पदरचे. रजेचा हिशोब वेगळा, तो घरच्यांनी अजून मागितलेला नाही.

जूनमध्ये, पाऊस नीट धरायच्या आधी, अहवालाचं एक पान मराठीत करून गावात नेऊन दिलं. हे कुणी सांगितलं नव्हतं. पण ज्यांच्या पडवीत राहिलो त्यांना इंग्रजी चाळीस पानं देऊन काय उपयोग? मामांनी ते पान नातीला वाचायला दिलं. ती मोठ्यानं वाचत गेली, अडखळत, आणि शेवटच्या नोंदीशी थांबली. मी लिहिलं होतं: '८ फेब्रुवारी, सायं. ७:०२, गावातील अंगण. टिक टिक असा आवाज एका मुलीने ऐकला. यंत्रात नोंद नाही.'

"टिक टिक नव्हतं," ती म्हणाली. "टिच् टिच् होतं."

पेन्सिल तिच्याच दप्तरात होती. तिनं खोडून लिहिलं.